अकरा दिवसांची साक्षीदार

तिला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास म्हणतो, "वजन आहे हो हिला." आकाराने ती लहान पोथीएवढी, पुरती वीतभरही लांब नाही, पण तळहातावर ठेवली की अर्ध्या किलोच्या आसपासचा भार जाणवतो. वरून धातूचं झाकण, खालून हिरवी पाटी, मागच्या कडेला दोन चपट्या खाचा. एकीतून वीज येते, दुसरीतून निरोप येतात आणि जातात. लेबल जांभळं असेल तर ती कॅमेऱ्यांसाठीच घडवलेली. जळगावच्या गोलाणी मार्केटात सामान घ्यायला येणारी आमच्या धंद्यातली पोरं कंपनीचं पूर्ण नाव घेत बसत नाहीत. "एक टीबी पर्पल द्या" म्हटलं की दुकानदाराला कळतं.

डीव्हीआरची हार्ड डिस्क ती हीच. कॅमेरे सगळ्यांना दिसतात. भिंतीवरचा पांढरा डोळा बघून गिऱ्हाईक केस सारखे करतं, चोर मान खाली घालतो. हिला कोणी बघत नाही. देव्हाऱ्यामागच्या फळीवर, माळ्यावर, नाहीतर गल्ल्याखालच्या कपाटात एक काळा डबा असतो आणि त्या डब्याच्या पोटात ही. डोळ्यांनी पाहिलेलं लक्षात ठेवायचं काम हिचं. ती नसेल तर कॅमेरे नुसतेच बघत राहतात.

मी गेली चौदा वर्षं जळगाव आणि धुळ्याच्या पट्ट्यात कॅमेरे बसवतो. सराफ बाजार, डाळ मिल, जिनिंग, केळीच्या वखारी, दवाखाने, शाळा. वायर ओढणारी, भोकं पाडणारी, कॅमेऱ्याचा कोन लावणारी मुलं माझ्याकडे आहेत. पण डिस्क मी स्वतःच्या हाताने बसवतो, कारण या सगळ्या सामानात सांभाळून वागवावी अशी ती एकटीच आहे.

झाकणावर एका जागी अगदी बारीक छिद्र असतं आणि शेजारी इंग्रजीत ताकीद: हे झाकू नका. आतली आणि बाहेरची हवा सारख्या दाबाची राहावी म्हणून ते ठेवलेलं असतं, मागे गाळणी असते. मी नव्या पोरांना तेच छिद्र आधी दाखवतो. ही श्वास घेते, म्हणून सांगतो. आत आरशासारख्या चकचकीत चकत्या मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, दिवसाला ७७ लाख ७६ हजार. त्यांच्यावरून लिहिणारं टोक तरंगत असतं आणि टोक व चकती यांच्यात अंतर असतं काही नॅनोमीटरचं. माणसाचा केस त्याच्यापुढे हजारो पट जाड. जिनिंगमध्ये उडणाऱ्या सरकीच्या तंतूचा किंवा डाळ मिलच्या भुशाचा एक कण आत गेला तर तिचं संपलं. एकदा एका गिऱ्हाईकाने हौसेने तिचं झाकण उघडून, फडक्याने पुसून, पुन्हा बंद करून माझ्याकडे आणली होती. मला फार वाईट वाटलं. स्वच्छ करण्याच्या भरात त्याने सहा महिन्यांची नवी डिस्क मारून टाकली होती.

तिचं कूळ मोठं आहे. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि मावत होती सुमारे ५० लाख अक्षरं. आज एक टीबी म्हणजे एक लाख कोटी अक्षरं, आणि ती मी पिशवीत घालून मोटरसायकलवरून पारोळ्याला नेतो.

तिचा स्वभाव समजून घ्यायचा तर तिच्या चुलत बहिणीशेजारी तिला ठेवून बघावं. संगणकातली साधी डिस्क कारकुनासारखी असते. एखादं अक्षर लागलं नाही तर ती थांबते, पुन्हा वाचते, पुन्हा वाचते. पगाराच्या हिशेबात एक आकडा चुकला तर अनर्थ होईल, म्हणून तिचं थांबणं योग्यच. हिला थांबता येत नाही. आठ कॅमेऱ्यांतून आठ धारा सतत येत असतात. चकतीवर खराब जागा लागली की ही त्या जागेचा नाद लवकर सोडते आणि पुढे लिहू लागते. एखादं चित्र फाटलं तरी चालेल, पण पुढचे चार सेकंद हातातून जाता कामा नयेत. तिच्या आयुष्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त वेळ लिहिण्यात जातो. तिनं लिहिलेलं वाचायला कोणी येतं ते वर्षातून एखाद-दोन वेळा. स्वस्तात पडते म्हणून जुन्या संगणकातली डिस्क काढून डीव्हीआरमध्ये घालणारे भेटतात. त्यांना मी नाही म्हणतो. चार महिने चालते, मग चित्रात मधेमधे खड्डे पडू लागतात आणि नेमकं हवं ते मिनिट त्या खड्ड्यात असतं.

बसवण्याचा दिवस तिचा असतो. आधी डीव्हीआर बंद करून प्लग काढायचा, कडेचे आणि मागचे स्क्रू काढून झाकण सरकवायचं. जमलं तर आधी डब्याच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवून टाकायची. डिस्क लेबल वर करून ठेवायची आणि खालच्या बाजूने चार स्क्रू आवळायचे. दोनवर भागवणारे खूप आहेत. पण सेकंदाला ९० फेऱ्या घेणारी वस्तू सैल राहिली तर थरथरते, आणि डब्यात दोन डिस्का असतील तर एकीची थरथर दुसरीला बाधते. मग निरोपाची बारीक केबल, मग विजेची. दोन्हींच्या तोंडाला एल आकाराची खाच असते. जोर लावावा लागला तर समजायचं, उलटी धरली आहे.

चालू केलं की पहिल्यांदा फिरायला लागताना ती सर्वात जास्त वीज ओढते. अडॅप्टर कमजोर असेल तर ती उठायला बघते, पडते, पुन्हा उठायला बघते, आणि टिक-टिक-टिक असा आवाज येतो. गिऱ्हाईक म्हणतं डिस्क खराब दिली. डिस्क चांगली असते, तिला पोटभर मिळत नसतं. अडॅप्टर बदलला की तोच आवाज एकसंध घुर्र होतो.

डिस्क नसलेला किंवा डिस्क न ओळखलेला डीव्हीआर बीप करत राहतो. हा बीप मला आवडतो. आपल्याला काही लक्षात राहत नाहीये हे तो ओरडून सांगत असतो. कितीतरी दुकानांत मी बघितलंय की डिस्क बिघडल्यावर तो बीप कटकट वाटतो, म्हणून कोणीतरी मेन्यूत जाऊन आवाज बंद केलेला असतो. मग सहा-सहा महिने पडद्यावर चित्र दिसत राहतं, सगळे निर्धास्त, आणि आत काहीही लिहिलं जात नसतं.

नवी डिस्क डब्याने ओळखली तरी लगेच कामाला लागत नाही. मेन्यूत स्टोरेजमध्ये गेलं की तिच्या नावापुढे 'अनइनिशियलाइज्ड' असं दिसतं. तिच्यावर खूण करून इनिशियलाइज किंवा फॉरमॅट म्हणायचं. काही मिनिटांत डीव्हीआर तिच्यात स्वतःच्या पद्धतीचे कप्पे पाडतो आणि नावापुढे 'नॉर्मल' येतं. एक टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते. त्यात फसवणूक नाही. बनवणारा १,००० च्या पटीत मोजतो आणि यंत्र १,०२४ च्या. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. अनेक कंपन्यांचे हे कप्पे संगणकाला वाचता येत नाहीत. ती डिस्क काढून संगणकाला लावली तर तो ती कोरी समजतो आणि फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. त्या एका 'हो'ने घटनेचा पुरावा गेलेला मी पाहिलाय.

त्यानंतर घड्याळ. तिला स्वतःचा काळ नाही. डीव्हीआर सांगेल ती वेळ ती चित्रावर कोरते. टाइम झोन भारताचा, अधिक ५ तास ३० मिनिटं, लावायचा राहिला तर दुपारी तीनची घटना सकाळी साडेनऊला झालेली दिसते. डीव्हीआरच्या पाटीवर नाण्याएवढा एक सेल असतो. तो उतरला आणि लाईन गेली की काही डबे थेट २००० सालात जाऊन बसतात. डिस्क प्रामाणिकपणे लिहीत राहते, पण तिचं लिखाण चुकीच्या तारखेखाली जातं. म्हणून मी डीव्हीआरपाशी गेलो की आधी पडद्यावरची वेळ आणि मोबाईलची वेळ शेजारी धरून बघतो, आणि फुटेज काढून देताना फरक असला तर कागदावर लिहून देतो.

आता तिच्याविषयीचा मूळ प्रश्न. आमच्याकडे सगळे तो एकाच शब्दात विचारतात: "बॅकअप किती?" म्हणजे किती दिवसांचं तिच्या लक्षात राहणार. हिशेब अवघड नाही. एका कॅमेऱ्याची धार सेकंदाला २ मेगाबिट धरली तर दिवसाला २१.६ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे ८६.४. एक टीबी त्यात साडेअकरा दिवस पुरते. ती भरली की 'ओव्हरराइट' चालू असेल तर सर्वात जुना तास पुसते आणि त्या जागी आत्ताचा तास लिहिते. ते चालू नसेल तर भरल्यावर लिहिणंच थांबतं. म्हणून आम्ही ती खूण करतोच. ती विसरते म्हणूनच तिला पुढचं लिहिता येतं. पण किती दिवसांनी विसरायचं हे तिच्या हातात नसतं. ते डिस्क विकत घेणारा ठरवतो, आणि बहुतेक वेळा काउंटरवर उभ्या उभ्या, हजार-दोन हजार वाचवण्यासाठी ठरवतो.

उन्हाळ्याचं एक सांगायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात जातो. तेव्हा पत्र्याच्या छपराखाली, बंद कपाटात, इन्व्हर्टरच्या शेजारी ठेवलेल्या डीव्हीआरच्या आत काय होत असेल ते हात लावल्याशिवाय कळत नाही. साठ-पासष्ट अंशांपर्यंत तिची सोसण्याची तयारी असते, पण त्या काठावर रोज राहिली तर लवकर थकते. मी कपाटाच्या पाठीला भोकं पाडून देतो, डबा भिंतीपासून चार बोटं पुढे ओढतो, वर ठेवलेल्या वह्या आणि देवाचे फोटो खाली उतरवायला सांगतो. आणि लाईटचा लपंडाव. लिहिता लिहिता वीज गेली की टोक बाजूला घ्यायला ती धावते. दिवसात दहा वेळा असं झालं तर कोण टिकेल? लहानसा यूपीएस लावा म्हणून मी अक्षरशः हात जोडतो.

जळगावहून धुळ्याला जाताना पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं मागे पडतात. हा रस्ता मला पाठ आहे, पण तीन वर्षांपूर्वीच्या एका गुरुवारी पहाटे मी तो ज्या घाईने कापला तसा कधीच कापला नाही.

धुळ्यात एका आडत दुकानात मी चार कॅमेरे लावले होते. दोन टीबी घ्या म्हटलं होतं. शेठ म्हणाले, "चोरी झाली तर दुसऱ्या दिवशी समजेलच ना भाऊ, महिन्याभराचं ठेवून काय करायचं?" एक टीबी लागली. पुढे एका शनिवारी संध्याकाळी गल्ल्यातलं पन्नास हजारांचं बंडल सापडेना. दुकानात वीस वर्षं पोती वाहणाऱ्या एका हमालावर संशय आला. त्याला रविवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्याने कोणाशी वाद घातला नाही. रोज सकाळी येऊन दुकानासमोर बसायचा आणि एकच म्हणायचा, "कॅमेरा देखा." डीव्हीआरचा पासवर्ड कुणाला आठवत नव्हता, शेठच्या मनात संशय पक्का होता, आणि दिवस गेले. बुधवारी रात्री आठला मला फोन आला. पासवर्ड काय आहे, एवढंच विचारायला. मी घटनेचा वार विचारला आणि बोटं मोजली. अकरा दिवस झाले होते. शनिवारची सकाळ पुसायला लागली असणार आणि संध्याकाळ पुसली जायला सुमारे बारा तास उरले होते.

मी म्हटलं, "शेठ, डबा आत्ताच्या आत्ता बंद करा. कोणी हात लावू नका. मी येतो."

सकाळी दुकान उघडायच्या आत पोहोचलो. डीव्हीआर चालू करून आधी ओव्हरराइटची खूण काढली, मग प्लेबॅक. तारखेखालची पट्टी शनिवारी सकाळी सहाच्या सुमारास सुरू होत होती. त्याआधीचं सगळं रिकामं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांच्या चित्रात मुनीमजींनी ते बंडल पावती पुस्तकांच्या पिशवीत टाकलं, गिऱ्हाईक आलं म्हणून पिशवी वरच्या फळीवर सरकवली आणि पुन्हा गल्ल्यावर बसले. त्याच मिनिटाला दाराच्या कॅमेऱ्यात हमाल पाठीवर पोतं घेऊन बाहेर ट्रककडे चालला होता. शेठ उठले, स्टुलावर चढले आणि पिशवी खाली काढली. बंडल तिच्यातच होतं.

बराच वेळ कोणी बोललं नाही. मुनीमजींना रडू आलं. शेठनी अकरा दिवसांची मजुरी त्या माणसाच्या हातात ठेवली आणि सर्वांसमोर चुकलो म्हणाले.

मी ते फुटेज लॉक केलं, पेन ड्राइव्हवरही घेतलं. डिस्कला स्वतःला महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं कळत नाही. जे जुनं ते आधी जातं, मग ते रिकाम्या दुकानातलं उंदराचं पळणं असो की एखाद्याची अब्रू. हे राहू दे, हे पुसू नको, असं माणसालाच येऊन सांगावं लागतं. याच धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाड्यांनी देह ठेवला. जन्मभर गावोगाव हिंडून, माळ्यांवरची आणि पेटाऱ्यांतली दप्तरं वाळवीच्या तोंडून काढून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' उभी केली. १८९८ पासून त्याचे २२ खंड निघाले. त्यांनी जमवलेलं त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात इथेच जपलेलं आहे. आडत दुकानातल्या त्या सकाळनंतर मी धुळ्यात गेलो की मला त्यांची आठवण येते. वेळेत पोहोचणं म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त ठाऊक होतं.

दिवसांचा हा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायालयालाही करावा लागला. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, चित्राबरोबर आवाज हवा, आणि चित्रण १८ महिने राहिलं पाहिजे. तेवढ्या क्षमतेचं यंत्र बाजारात मिळत नसेल तर मिळेल तितकं जास्त, पण एका वर्षाहून कमी चालणार नाही. आमच्या भाषेत मोजायचं तर सोळा कॅमेरे, २ मेगाबिटची धार, एक वर्ष: १२६ टीबी. कोठडीत मार खाल्लेला माणूस बाहेर येऊन, बरा होऊन, वकील गाठून तक्रार करेपर्यंत किती दिवस जातात, ते धरून ठरवलेला हा आकडा आहे असं मी समजतो.

कोर्टात तिचं बोलणं कसं मानायचं, याचा मोठा निकाल तर अजिंठ्याच्या घाटापलीकडच्या जालन्यातून निघाला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला का, यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण पुढे आणलं गेलं. १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नक्कल दिली तर प्रमाणपत्र लागेलच. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात हजर केलं तर ते लागणार नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हॅशही लिहायचा असतो. तो त्या फाइलचा अंगठा समजा. आतलं एक अक्षर बदललं तरी ठसा वेगळा उमटतो. म्हणूनच एखाद्या घटनेनंतर मूळ डिस्क काढून, नवी बसवून, जुनी बंद पाकिटात जपून ठेवा असं मी सांगतो.

त्या गुरुवारी मी तेच केलं. जुनी एक टीबी काढली, लेबलवर तारीख लिहिली, कापडात गुंडाळून शेठच्या तिजोरीत ठेवली. दुपारी बाजारातून चार टीबीची आणली. स्क्रू आवळताना तो हमाल शेजारी येऊन उभा राहिला. डब्याकडे कितीतरी वेळ बघत होता.

"भाऊ, हाई कितला दिन ध्यानमा ठेवस?"

"पंचेचाळीस दिन."

"आनि मंग?"

"मंग जुनं पुसी टाकस."

त्याने मान हलवली. मी फॉरमॅट दिलं, 'नॉर्मल' आलं, बीप थांबला. ओव्हरराइट पुन्हा चालू केलं, घड्याळ मोबाईलशी जुळवलं आणि झाकण लावलं. त्याने पुढे होऊन झाकणावर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला. आतली घुर्र त्याच्या हाताला लागत असणार.

"जित्ती शे," तो म्हणाला.

मग खांद्यावरचं फडकं नीट करून तो बाहेर गेला. ट्रक भरायचा राहिला होता.